परदेशी शिकायला निघण्याआधी क्रेडिट कार्डाचं कर्ज कसं मोकळं करावं: कोकणातल्या घरांसाठी

क्रेडिट कार्डावर लाख-सव्वा लाख थकलेले, हातात परदेशातल्या कॉलेजचं प्रवेशपत्र, आणि मनात एकच विचार: तिकडे पोचलो की पहिल्या सहा महिन्यांत फेडून टाकू. हा लेख अशा मुलामुलींसाठी आहे आणि त्यांच्या आईबाबांसाठीही. घर चिपळूण, देवरुख, मालवण नाहीतर रोह्याला, नोकरी तीन-चार वर्षं मुंबई-पुण्यात, आणि आता एमबीए, एलएलएम, फार्मसी, फिजिओथेरपी किंवा बीडीएसनंतर अमेरिकेत दंतवैद्यक. असा बेत ठरला की घरात व्हिसा, तिकीट, हॉस्टेल सगळ्यावर बोलणं होतं आणि कार्डाचा विषय शेवटी निघतो, तोही निघाला तर. माझं म्हणणं असं की तो सगळ्यांत आधी निघाला पाहिजे. आणि कार्डं शून्यावर आणायची तारीख विमानाच्या तारखेवरून ठरवू नका. शैक्षणिक कर्जाचा अर्ज बँकेत कधी जाणार ते पाहा आणि त्याच्या दोन महिने आधीची तारीख धरा.

पोचल्यावर का फेडता येत नाही

अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या एफ-१ व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येतं, आणि पहिल्या वर्षी तेही कॉलेजच्या आवारातच. ब्रिटनमध्ये पदवी आणि त्यावरच्या अभ्यासक्रमांना सत्रकाळात २० तासांचीच मर्यादा आहे. दिवसभर क्लिनिकमध्ये उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला तेवढे तासही मिळत नाहीत. मिळाले तरी ते पैसे भाड्यात आणि किराण्यात जातात. इकडे पगार थांबलेला असतो, व्याज थांबत नाही. शैक्षणिक कर्जातून कार्ड फेडण्याचीही सोय नसते. फी बँक थेट कॉलेजला पाठवते, राहण्याजेवणाची रक्कम मोजून येते, आणि ती कार्डाकडे वळवली तर दुसऱ्या सत्रात भाड्याचे वांधे होतात.

‘भारतातलं कार्ड तिकडे कोण विचारतो’ असं सांगणारे मित्र भेटतील. खरं आहे, तिकडे कोणी विचारत नाही. विचारणा इथे होते. कार्डावर कायमचा पत्ता गावच्या घराचा असतो आणि दुसरा संपर्क क्रमांक बाबांचा. मूल सातासमुद्रापार, आणि वाडीत फोन घेऊन आई ‘माका काय माहीत नाय ओ’ म्हणत बसलेली, ही वेळ घरावर येऊ देऊ नये म्हणून हा सगळा खटाटोप.

आणखी एक व्यवहाराची बाजू आहे. शैक्षणिक कर्ज एकदम हातात पडत नाही, सत्रासत्राने सुटतं. मुख्य कर्जदार तुम्ही असता. मधल्या काळात तुमच्या नावावर कार्डाची थकबाकी दिसू लागली तर पुढचा हप्ता सोडताना बँक प्रश्न विचारू शकते, आणि त्याचं उत्तर द्यायला तुम्ही इथे नसता.

पहिलं काम: सगळं एका कागदावर

एक संध्याकाळ काढा आणि प्रत्येक कार्डासमोर या गोष्टी लिहा: एकूण थकबाकी, महिन्याचा व्याजदर, बिल निघण्याची तारीख, भरण्याची शेवटची तारीख, वार्षिक शुल्क, चालू असलेले ईएमआय आणि ते मुदतीआधी बंद करायचं शुल्क. भावाला किंवा बाबांना दिलेलं ॲड-ऑन कार्ड असेल तर त्याचा खर्चही तुमच्याच नावावर असतो, तो वेगळा लिहा. ‘आता घ्या, नंतर भरा’ वाली ॲप विसरली जातात. ती बहुतेक वेळा कर्ज म्हणूनच नोंदवलेली असतात.

हा कागद खरा आहे का ते तपासायला क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे तुमच्या कर्जांचा आणि परतफेडीचा इतिहास, काढा. भारतात चार कंपन्या हे रिपोर्ट ठेवतात: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. म्हणजे वर्षाला चार रिपोर्ट हाताशी आहेत. एक आज काढा, एक कार्डं फेडून झाल्यावर, एक अर्जाच्या आधी. चौथा बाबांच्या नावाने नव्हे, बाबांना त्यांचे स्वतःचे चार मिळतात. सहकर्जदार तेच असणार, त्यामुळे त्यांचाही रिपोर्ट काढायलाच हवा. एखाद्या मित्राच्या बँकेतल्या कर्जाला दहा वर्षांपूर्वी जामीन राहिलेले बाबा कोकणात घरोघरी आहेत. तो मित्र थकला असेल तर त्याची नोंद बाबांच्या रिपोर्टवर सापडू शकते.

रिपोर्टात चूक असेल तर त्या कंपनीकडे आणि बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा नियम आहे. पण तुम्हाला भरपाईपेक्षा ते ३० दिवस महत्त्वाचे, म्हणून तपासणी लवकर करा.

‘मिनिमम ड्यू’ भरत राहिल्याने काय होतं

कार्डाचं व्याज साधारण महिना ३ ते ३.७५ टक्के असतं. त्यावर १८ टक्के जीएसटी. समजा थकबाकी १,२०,००० आहे आणि दर ३.५ टक्के. महिन्याचं व्याज ४,२००, त्यावर जीएसटी ७५६, एकूण ४,९५६ रुपये. किमान रक्कम ५ टक्के धरली तर बँक ६,००० मागते. ते वेळेवर भरूनही मुद्दल कमी होतं फक्त १,०४४ रुपयांनी. वर्षभर इमानदारीने भरणाऱ्याला आकडा तिथेच का दिसतो, त्याचं उत्तर या चार ओळींत आहे.

त्यातही एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. मागचं बिल पूर्ण भरलं नसेल तर नव्या खरेदीला मिळणारी बिनव्याजी मुदत जाते. आज घेतलेल्या किराण्यावर आजपासून व्याज. एटीएममधून कार्डाने काढलेल्या रोख रकमेला तर बिनव्याजी मुदत कधीच नसते, शुल्क वेगळं. म्हणून थकबाकी असलेलं कार्ड वापरणं आजच बंद करायचं. ॲपमध्ये जाऊन ऑनलाइन, परदेशी आणि टॅप करून होणारे व्यवहार बंद करता येतात. फोनमधल्या खरेदीच्या ॲपांतून कार्डाचा क्रमांकही काढून टाका.

एवढं व्याज कायद्यात बसतं का, असं विचारणारे असतात. ३० टक्क्यांहून जास्त व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. त्या आशेवर थांबू नका.

महाग कर्जाच्या जागी स्वस्त कर्ज आणणं

पगारातून चार-पाच महिन्यांत फिटणार असेल तर सरळ फेडा, सर्वाधिक दराचं कार्ड आधी. त्याहून जास्त काळ लागणार असेल तर कर्जाची जागा बदला. वरच्याच उदाहरणात तुम्ही महिना १२,००० बाजूला काढू शकता असं धरू. कार्डावरच फेडत राहिलात तर तेरा-चौदा महिने लागतात आणि एकूण साधारण १,५८,००० जातात. तीच रक्कम वर्षाला १० टक्क्यांच्या कर्जावर नेली तर अकरा महिन्यांत १,२६,००० च्या आत काम होतं. बत्तीस हजारांच्या आसपास फरक. सावंतवाडी किंवा रत्नागिरीहून निघणाऱ्या मुलासाठी हे थंडीचे कपडे, बॅगा आणि पहिल्या महिन्याचा किराणा आहे.

हे स्वस्त कर्ज कुठून आणायचं? माझा क्रम असा.

मुदत ठेव असेल तर ठेवतारण कर्ज. ठेवीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त व्याज, कागद कमी, काम एका दिवसात. ठेव ७ टक्क्यांनी ठेवून कार्डाचे ४२ टक्के भरणारी माणसं आहेत, कारण ठेव ‘मोडायची नाही’ असं घरात ठरलेलं असतं. मोडू नका, पण तारण ठेवा. जुन्या एलआयसी पॉलिसीवरही असंच कर्ज मिळतं.

त्यानंतर सोनेतारण. कोकणात घरात सोनं असतंच, आणि ते बहुधा आईचं किंवा आजीचं असतं. म्हणून इथे आधी बोलणं, मग बँक. आईला पूर्ण आकडा सांगा. ‘थोडे पैसे लागतायत’ असं मोघम बोलून पाटल्या घेऊन जाऊ नका. ते तिचं धन आहे आणि कशासाठी जातंय हे कळण्याचा तिला हक्क आहे. मंगळसूत्र आणि रोज अंगावर असणारं सोनं यात आणू नये असं माझं ठाम मत आहे.

राष्ट्रीयीकृत बँका, जिल्हा मध्यवर्ती बँक, नागरी सहकारी बँक आणि खासगी सोनेतारण कंपन्या या सगळ्यांचे दर वेगवेगळे असतात, फरक मोठा पडतो. दोन-तीन ठिकाणी विचारा आणि दर वर्षाचा की महिन्याचा हे स्पष्ट करून घ्या. महिना एक-सव्वा टक्का ऐकायला लहान वाटतो. रिझर्व्ह बँकेच्या नव्या नियमांनुसार, जे १ एप्रिल २०२६ पर्यंत सर्वांनी लागू करायचे होते, अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते. मिळतं म्हणून तेवढं घेऊ नका, कार्डाच्या आकड्याएवढंच घ्या. कर्ज फिटल्यावर दागिने त्याच दिवशी किंवा फार तर सात कामाच्या दिवसांत परत द्यायचे, उशीर त्यांच्याकडून झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, हेही त्याच नियमांत आहे. शेवटी एकरकमी फेडायच्या सोनेतारणाची मुदत फार तर बारा महिन्यांची असते. निघायच्या आधी सोनं घरात परत आलेलं असलं पाहिजे असा हिशेब बांधा. ते गहाण ठेवून विमानात बसलात तर नूतनीकरणाच्या आणि लिलावाच्या नोटिसा आईबाबांना वाचाव्या लागतील.

तिसरा पर्याय पतपेढी. गावातली पतपेढी ओळखीवर लवकर कर्ज देते, दर कार्डापेक्षा पुष्कळ कमी असतो, पण दोन जामीनदार लागतात. निघायच्या आधी फिटणार असेल तरच हे घ्या. जामीनदार काका किंवा शेजारी असतात, आणि तुम्ही तिकडे असताना त्यांच्या पगारातून कपात झाली तर ते नातं पुन्हा पूर्वीसारखं होत नाही. वैयक्तिक कर्ज चौथं. पगार चालू असेपर्यंत ते मिळतं, दर कार्डाच्या निम्म्याहून कमी पडू शकतो, पण शैक्षणिक कर्जाच्या वेळी ते उघडं दिसतं. कार्डाचीच थकबाकी ईएमआयवर वळवणं हा पाचवा, म्हणजे दुसरं काही जमलं नाही तर. त्यात प्रक्रिया शुल्क आणि व्याजावर जीएसटी धरून खरा दर काढा.

वाशीच्या बाजारातल्या आंब्याच्या दलालाकडून पुढच्या हंगामाची उचल घेऊन कार्ड फेडायचा विचार कोणी केला तर नको म्हणा. उचल घेतली की माल त्यालाच घालावा लागतो आणि दरावर बोलायला तोंड राहत नाही. नोंदणी नसलेल्या सावकाराबद्दल तर बोलायलाच नको.

आंब्याची पट्टी आणि बँकेची तारीख

कोकणातल्या घरांचं गणित इथे चुकतं, म्हणून थोडं सावकाश.

ऑगस्टमध्ये अमेरिकेत सत्र सुरू व्हायचं असेल तर प्रवेशाची पत्रं साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येतात. त्यानंतर कॉलेज आय-२० (व्हिसासाठी लागणारा कॉलेजचा दाखला) देण्याआधी पैशाचा पुरावा मागतं, म्हणजे कर्जाचं मंजुरीपत्र एप्रिल-मेपर्यंत हवं. तारण असलेल्या कर्जाला सर्च रिपोर्ट (मालकीच्या कागदांची वकिलाकडून तपासणी), मूल्यांकन, गहाणखत यांत चार ते आठ आठवडे सहज जातात. म्हणून अर्ज मार्चमध्ये. आणि कार्डं शून्यावर जानेवारीत.

आता घरचे पैसे कधी येतात ते पाहा. हापूसची मोठी आवक मार्च अखेर ते मे. काजू बीही तेव्हाच. वाशीहून पट्टी (दलालाचा विक्रीचा हिशेब) होऊन हातात रक्कम पडते मे-जूनमध्ये. म्हणजे निघायच्या वर्षीच्या आंब्यावर कार्ड फेडायचं ठरवलं तर बँक रिपोर्ट काढेल तेव्हा थकबाकी तिथेच असेल. २०२८ च्या ऑगस्टमध्ये जायचं असेल तर २०२७ च्या मेचे पैसे कार्डाकडे गेले पाहिजेत. निघायच्या वर्षीचा आंबा मार्जिन (खर्चातला स्वतः घालायचा भाग), तिकीट आणि डिपॉझिटसाठी ठेवा.

मासेमारीवरच्या घरांना उलट सोय आहे. १ जून ते ३१ जुलै बंदी. हर्णै, मिरकरवाडा, मालवणला खरा हंगाम ऑगस्टनंतर, म्हणजे चांगले पैसे पावसाळा सरल्यावर ते डिसेंबरपर्यंत. कार्ड मोकळं करायला हीच वेळ योग्य. मात्र बंदीच्या काळात जाळी-डिझेलच्या खर्चासाठी पुन्हा त्याच कार्डाला हात लावायचा नाही. होमस्टे किंवा खानावळ चालवणाऱ्यांचे पैसे दिवाळीची सुट्टी, नाताळ आणि मे असे तीन खेपांत येतात. त्यांनी दिवाळी आणि नाताळ दोन्ही कार्डाला लावावेत. पगारदारांनी दिवाळीचा बोनस.

मध्ये गणपती येतो. तो खर्च कमी करा असं मी सांगणार नाही. घरचा गणपती, पाहुणे, भजनी मंडळ, चाकरमान्यांचं येणंजाणं हे वर्षाचं मोठं सुख आहे, आणि पुढची दोन वर्षं तुम्ही कदाचित त्याला नसाल. फक्त त्या आठवड्याची रक्कम आधी ठरवा, रोख काढा आणि कार्ड मुंबईच्या खोलीत ठेवून गाडीत बसा.

दोन महिने का सोडायचे, तेही सांगते. बँकांनी क्रेडिट कंपन्यांना माहिती निदान पंधरवड्याने द्यायची, असा नियम १ जानेवारी २०२५ पासून झाला. पूर्वी महिना लागायचा. तरीही भरणा, बिल, नोंद आणि स्कोअर सुधारणं यांत एक-दोन फेऱ्या जातात, आणि एखादी चूक निघाली तर वर सांगितलेले ३० दिवस. बहुतेक वेळा बिलावरची रक्कम कळवली जाते, देय तारखेनंतरची नाही. म्हणून अर्जाच्या आसपास नेहमीचा छोटा खर्चही बिल निघायच्या आधीच भरून टाका. मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत वापर असावा, हा साधा नियम तेवढे दिवस पाळा.

अर्जांचे खर्च

कार्डावरचा आकडा फुगतो तो बऱ्याचदा याच काळात. परीक्षा, गुणपत्रिकांचं मूल्यांकन, कॉलेजांचे अर्ज, सगळं डॉलरमध्ये आणि सगळं कार्डाने. परकीय चलनातल्या व्यवहारावर अनेक कार्डं ३.५ टक्क्यांपर्यंत जादा आकारणी करतात, त्यावर जीएसटी. सेव्हिसच्या (अमेरिकेतल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीच्या) ३५० डॉलर शुल्कावरच १४-१५ डॉलर जादा जातात. आकारणी कमी असलेलं डेबिट कार्ड किंवा फॉरेक्स कार्ड घ्या आणि त्यात आधी पैसे भरून मगच अर्ज करा. दहा कॉलेजांऐवजी सहा निवडलीत तरी चालतं. प्रवेश मिळाला तरी परवडणार नाही अशा ठिकाणी अर्ज करून शुल्क घालवण्यात अर्थ नाही.

तिकीट ‘नो कॉस्ट ईएमआय’वर घेण्याचा मोह होतो. त्यातही प्रक्रिया शुल्क आणि व्याजाच्या भागावर जीएसटी लागतो, आणि हप्ते तुम्ही निघून गेल्यावर चालू राहतात. तिकीट, लॅपटॉप, विमा, पुस्तकं हे खर्च शैक्षणिक कर्जात धरता येतात. अर्ज करतानाच ते अंदाजपत्रकात घाला.

कर्जाच्या टेबलावर

शाखेत गेल्यावर कार्डं लपवू नका. अधिकाऱ्याला पाच मिनिटांत सगळं दिसतं. ‘दोन कार्डं होती, डिसेंबरमध्ये पूर्ण फेडली, हे बेबाकी दाखले’ (काही देणं उरलं नसल्याचे) असं कागद पुढे ठेवून सांगणाऱ्या मुलीचं प्रकरण वेगळ्या नजरेने पाहिलं जातं. थकबाकी असेल तर तिचा काही भाग तुमचा किंवा बाबांचा मासिक बोजा म्हणून धरला जातो आणि मंजूर होणारी रक्कम घटते.

तारणाचा प्रश्न कोकणात कार्डाशी जोडलेला आहे, तो असा. बँकांच्या नेहमीच्या शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांवर मालमत्तेचं तारण लागतं. आपल्याकडे जमीन असते, पण सातबारावर आजोबांपासूनचे पंधरा-वीस सहहिस्सेदार, निम्मे मुंबईत, दोघे हयात नाहीत आणि वारसनोंद झालेली नाही. कुठे कूळकायदा कलम ४३ चा शेरा, म्हणजे विकायला-गहाण ठेवायला सरकारी परवानगीची अट. आंबोली, चौकुळ, गेळे भागात कबुलायतदार-गावकर (गावाने सामाईक धरलेल्या) जमिनीचा जुना गुंता. शिवाय कर्जवसुलीचा २००२ चा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही, म्हणून आंब्याची कितीही कलमं उभी असली तरी बागेचं तारण या कर्जाला घ्यायला बँका सहसा राजी नसतात. त्यांना बिनशेती प्लॉट, फ्लॅट किंवा स्वच्छ कागदांचं घर हवं असतं. मग बदलापूर-डोंबिवलीला काकांचा फ्लॅट शोधला जातो, किंवा तारणाशिवाय कर्ज देणाऱ्या खासगी कंपनीकडे जावं लागतं. तारण नसेल तिथे सगळी भिस्त तुमच्या आणि सहकर्जदाराच्या क्रेडिट स्कोअरवर असते. वडिलोपार्जित जमीन भरपूर असूनही कागदावर हात रिकामे, अशा घरासाठी कार्डं स्वच्छ असणं हेच तारणाच्या जागी उभं राहतं. म्हणून मी एवढ्या कळकळीने लिहिते आहे.

मार्जिन म्हणजे तुम्ही स्वतः घालायचा भाग. परदेशी शिक्षणासाठी तो साधारण १५ टक्के असतो. चाळीस लाखांच्या खर्चाला सहा लाख. तो पूर्ण आधी लागतो असं समजून लोक कार्ड किंवा वैयक्तिक कर्ज काढतात. नेहमीच्या योजनेत मार्जिन वर्षावर्षाने, हप्ता सुटेल त्या प्रमाणात भरता येतं आणि शिष्यवृत्तीही त्यात धरतात. शाखेत हे विचारा. कर्जातून पाठवलेल्या फीवर टीसीएस (पैसे परदेशी पाठवताना बँक आधीच घेते तो कर) लागत नाही, स्वतःच्या पैशांतून वर्षाला दहा लाखांपुढे पाठवलंत तर लागतो. तो परत मिळतो, पण विवरणपत्र भरल्यावर. तोवर अडकणारी रक्कम आधीच हिशेबात धरा.

ब्रिटनला जाणाऱ्यांनी एक जपावं. तिथल्या व्हिसासाठी स्वतःचे पैसे दाखवायचे असतील तर ते सलग २८ दिवस खात्यात राहावे लागतात. त्या काळात कार्डाचं मोठं बिल त्याच खात्यातून आपोआप वळतं झालं आणि शिल्लक एक दिवस जरी खाली गेली, तरी व्हिसा नाकारला जाऊ शकतो. दाखवायचे पैसे आणि कार्डाचं खातं वेगळं ठेवा.

सेटलमेंटचा फोन आला तर

काही महिने थकलं की ‘निम्मे भरा, मिटवून टाकू’ असा फोन येतो. इतर कोणाला तो कदाचित आधार असेल, शैक्षणिक कर्ज काढणाऱ्याला नाही. रिपोर्टवर ‘सेटल्ड’ अशी नोंद राहते, आणि पुढची बँक त्याचा अर्थ एकच घेते: याने पूर्ण फेडलं नाही. शक्य असेल तर व्याज-दंडात सवलत मागा, मुद्दल पूर्ण भरा, आणि खातं ‘क्लोज्ड’ म्हणून नोंदवलं जाईल हे लेखी घ्या. पूर्वी सेटल झालेलं कार्ड असेल तर उरलेली रक्कम भरून नोंद बदलून घेता येते का, हे त्याच बँकेला विचारा.

वसुलीच्या फोनबद्दल घरच्यांना हेही सांगून ठेवा: सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर त्यांनी फोन करायचा नसतो, धमकी देणं किंवा नातेवाइकांना त्रास देणं नियमाविरुद्ध आहे. आधी बँकेच्या तक्रार कक्षाकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्यांचा मदत क्रमांक १४४४८.

कोणतं कार्ड ठेवायचं, कोणतं बंद करायचं

सगळी बंद करू नका. सर्वांत जुनं आणि वार्षिक शुल्क नसलेलं एक ठेवा, बाकीची बंद करा. बंद करण्याचा अर्ज दिला आणि काही देणं नसेल तर बँकेने सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद करायचं असतं, नाही केलं तर दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यायचे असतात. अर्ज ईमेलने करा, म्हणजे तारीख राहते. आधी त्या कार्डावरची आपोआप होणारी देयकं काढा: महावितरणचं बिल, विम्याचा हप्ता, ओटीटी. नाहीतर शून्य केलेल्या कार्डावर पुन्हा दोनशे रुपये चढतात आणि अर्ज अडकतो. बंद झाल्यावर बेबाकी दाखला मागून घ्या आणि पुढच्या रिपोर्टवर नोंद आली का ते पाहा.

ठेवलेल्या कार्डाची मर्यादा कमी करून घ्या. भारतीय मोबाइल क्रमांक चालू ठेवा, कारण ओटीपी त्यावरच येतो. शिकायला परदेशी गेलेला विद्यार्थी परकीय चलन नियमांनुसार अनिवासी ठरतो, त्यामुळे बचत खातं एनआरओमध्ये (अनिवासींच्या रुपयांतल्या खात्यात) बदलावं लागतं. कार्डाचा भरणा ज्या खात्यातून होतो ते हेच असेल तर बदलानंतर भरणा चालू राहील ना, हे निघण्याआधी शाखेत जाऊन विचारा.

थोडं उरलंच तर

सगळं करूनही तीस-चाळीस हजार उरू शकतात. ते फिरत्या थकबाकीत ठेवू नका, ठरावीक ईएमआयमध्ये वळवा. सगळे हप्ते भरतील एवढी रक्कम एका वेगळ्या खात्यात टाकून आपोआप भरणा लावून जा. आईबाबांपैकी एकाला त्या खात्याची, हप्त्यांच्या संख्येची आणि शेवटच्या तारखेची माहिती लिहून द्या. फोनवर सांगितलेलं राहत नाही. ओटीपी किंवा कार्डाचा क्रमांक विचारणाऱ्या कोणालाही तो द्यायचा नाही, हेही त्याच कागदावर लिहा.

उरलेली रक्कम दीड-दोन लाखांच्या वर असेल, पगार बंद होणार असेल आणि घरात सोनं किंवा ठेवही नसेल, तर एक वर्ष थांबण्याचा विचार मोकळेपणाने करा. अनेक कॉलेजं प्रवेश पुढच्या वर्षावर नेऊ देतात, पण विनंती मुदतीत आणि लेखी करावी लागते. त्याच ईमेलमध्ये तीन गोष्टी विचारून घ्या: भरलेलं डिपॉझिट पुढच्या वर्षी धरलं जाईल का, शिष्यवृत्ती तशीच राहील का, आणि फी कोणत्या वर्षाच्या दराने घेतली जाईल.